सणाची गोष्ट आणि विज्ञानकथा
(इंग्रजी ‘नाताळ विशेष’ आणि आपला दिवाळी अंक : एक तुलना)

बी. ए. द्वितीय वर्ष

सण आणि गोष्ट यांचे नाते फार जुने आहे. आपल्याकडे प्रत्येक व्रताला स्वतःची कहाणी असते, आणि ती ऐकल्याशिवाय हातातल्या अक्षता खाली पडत नाहीत. पुढे छापखाना आला, नभोवाणी आली, दूरचित्रवाणी आली. परंतु सणाला गोष्ट हवी ही माणसाची भूक काही गेली नाही. तिने फक्त जागा बदलली. आपल्याकडे ती दिवाळी अंकात आली, तर इंग्लंडमध्ये नाताळच्या संध्याकाळी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आली.

प्रस्तुत लेखात मी या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहणार आहे. एक, ‘डॉक्टर हू’ या बी. बी. सी.च्या दीर्घकाळ चाललेल्या विज्ञानकथा-मालिकेचे नाताळ विशेष भाग. आणि दुसरी, मराठी दिवाळी अंकांतून वाढलेली विज्ञानकथा. वरवर पाहता यांचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणीही विचारील. परंतु खोलात गेल्यावर ही दोन्ही एकाच घराण्यातील भावंडे निघतात.

एकाच घराण्यातील भावंडे

चार्ल्स डिकन्स या इंग्रज कादंबरीकाराने डिसेंबर १८४३ मध्ये ‘अ ख्रिसमस कॅरोल’ ही छोटी कादंबरी प्रसिद्ध केली. कवडीचुंबक म्हातारा स्क्रूज, त्याला नाताळच्या रात्री भेटणारी भुते, आणि सकाळी बदललेले त्याचे मन ही तिची कथा सर्वश्रुत आहे. डिकन्स पुढे साप्ताहिकांचा संपादक झाला आणि दरवर्षी नाताळचा खास अंक काढू लागला. १८६६ च्या अशाच एका नाताळ अंकात त्याने रेल्वेच्या बोगद्याजवळ एकट्याने काम करणाऱ्या सिग्नलवाल्याची भयकथा लिहिली. आदल्याच वर्षी तो स्वतः एका मोठ्या रेल्वे अपघातातून वाचला होता. जुने भूत आणि नवे यंत्र यांची गाठ त्याने सणाच्या अंकात घालून दिली, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

इंग्रजी नियतकालिकांचे हे नाताळ अंक मुंबईतही येत असत. तो नमुना डोळ्यांसमोर ठेवून ‘मनोरंजन’ मासिकाचे संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली आपल्या मासिकाचा दिवाळी अंक काढला. मराठीतील दिवाळी अंकांची परंपरा तेथून सुरू झाली असे मानले जाते. मित्रांचे मूळ आडनाव आजगावकर. बंगालीच्या प्रेमापोटी त्यांनी ‘मित्र’ हे नाव घेतले होते. एका मराठी माणसाने बंगाली नाव धारण करून इंग्रजी सणाच्या अंकावरून आपल्या सणाचा अंक घडवला, आणि तो इतका आपला झाला की आज त्याचे मूळ कोणाला आठवतही नाही. उसनवारी अशी पचवता आली तर तिला उसनवारी म्हणता येत नाही.

‘डॉक्टर हू’चा नाताळ

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात माहिती सांगतो. तिचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बी. बी. सी.वरून दाखवला गेला. त्या पहिल्या कथेचे दिग्दर्शन वारिस हुसेन या लखनौ येथे जन्मलेल्या तरुणाने केले होते, हे आपण भारतीयांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. कथेचा नायक ‘डॉक्टर’ या एवढ्याच नावाने ओळखला जातो. तो परग्रहावरचा असून काळातून आणि अवकाशातून प्रवास करतो. त्याचे यान बाहेरून पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-पेटीसारखे दिसते, मात्र आत शिरले की प्रचंड मोठे असते. डॉक्टर मरणाच्या दारात पोचला की त्याचे शरीर पालटते आणि नवा नट ती भूमिका करू लागतो. दशावतार ऐकत वाढलेल्या आपल्या मंडळींना ही कल्पना मुळीच जड जात नाही.

मालिकेतील पहिला नाताळ २५ डिसेंबर १९६५ चा. त्या दिवशी आलेल्या भागाच्या शेवटी डॉक्टरची भूमिका करणारे विल्यम हार्टनेल एकाएकी कॅमेऱ्याकडे वळतात आणि घरोघरी बसलेल्या प्रेक्षकांना नाताळच्या शुभेच्छा देतात. आपल्या लोकनाट्यात सोंगाड्या मध्येच प्रेक्षकांशी बोलतो, त्यात कोणालाच नवल वाटत नाही. तेथे मात्र ती मोठी नवलाची गोष्ट ठरली. दुर्दैवाने त्या भागाची चित्रफीत आज उपलब्ध नाही. त्या काळी बी. बी. सी.ने अनेक जुन्या फिती पुसून टाकल्या, त्यांत तीही गेली.

१९८९ मध्ये मालिका थांबली. १९९६ मध्ये एक चित्रपट तेवढा आला. २००५ मध्ये लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी तिला पुन्हा उभे केले, आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून खऱ्या अर्थाने ‘नाताळ विशेष’ सुरू झाले. २००५ ते २०१७ अशी सलग तेरा वर्षे प्रत्येक नाताळला एक खास गोष्ट आली. २०१९ पासून काही वर्षे ही जागा नववर्षदिनाने घेतली, आणि २०२३ व २०२४ मध्ये गोष्ट पुन्हा २५ डिसेंबरला आली. २००७ चा ‘व्हॉयेज ऑफ द डॅम्ड’ हा भाग १ कोटी ३३ लाख प्रेक्षकांनी पाहिला. एवढे लोक एकाच संध्याकाळी एकच गोष्ट पाहतात, म्हणजे ती गोष्ट फराळाइतकीच सणाचा भाग झाली असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

यांतील काही भाग मी मोबाईलवर पाहिले. इंग्रजी उच्चार झपाट्याने निसटतात म्हणून खाली उमटणारी अक्षरे वाचत, पुन्हा मागे नेत पाहिले. पाहताना जाणवले की सणाच्या गोष्टीचे काही नियम असतात.

पहिला नियम असा की, ही गोष्ट वर्षातून एकदाच येणाऱ्या पाहुण्यालाही कळली पाहिजे. त्या संध्याकाळी आजीपासून नातवापर्यंत सगळे एका खोलीत असतात. त्यांतील निम्म्यांना मागचे पुढचे काही ठाऊक नसते. दुसरा नियम, भीती ओळखीच्या वस्तूतून यावी. २००५ च्या ‘द ख्रिसमस इन्व्हेजन’ या भागात घरात सजवून ठेवलेले नाताळचे झाडच गरगर फिरत अंगावर येते. आपल्याकडे आकाशकंदिलातूनच संकट उतरावे, तसे हे झाले.

तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गोष्टीचा शेवट गोड हवा, पण तो खोटा गोड नको. याच भागात पृथ्वीवर चालून आलेले परग्रहवासी हरतात आणि परत निघतात. डॉक्टरने त्यांना जाऊ दिलेले असते. तरीही इंग्लंडची पंतप्रधान मागून मारा करून त्यांचे यान उडवून देते. शेवटी लंडनवर पांढरे कण पडू लागतात. नाताळला हवे असलेले बर्फ पडले असे वाटते, परंतु ती जळालेल्या यानाची राख असते. सणाच्या रात्री, जेवणे आटोपल्यावर, लेखक प्रेक्षकांना विचारतो की पाठमोऱ्या शत्रूवर वार करणारे आपण कोण? हा प्रश्न रणांगणाच्या गंभीर नाटकात विचारला असता तर फारच थोड्यांनी ऐकला असता.

२०१० चा ‘अ ख्रिसमस कॅरोल’ हा भाग तर डिकन्सलाच काळयानात बसवतो. येथे भुतांचे काम डॉक्टर करतो. एका कठोर म्हाताऱ्याच्या बालपणात जाऊन तो त्याच्या आठवणी बदलतो, जेणेकरून आजच्या माणसाचे मन पालटावे. १८४३ साली जे काम भुताने केले ते २०१० साली काळप्रवासाने केले. गोष्टीचा गाभा तोच राहिला, फक्त साधन नवे आले. विज्ञानकथा ही जुन्या कहाणीची शत्रू नसून तिचीच नात आहे, असे मला यावरून वाटते. आणि २०२४ च्या ‘जॉय टु द वर्ल्ड’ या भागातील मुलगी, कोरोनाच्या नाताळात आईला पडद्यावरूनच निरोप द्यावा लागलेली, ती तर आपल्याही गल्लीत सापडेल.

मराठी विज्ञानकथा आणि दिवाळी

आता आपल्याकडे वळू. मराठीत विज्ञानकथा पूर्वीपासून लिहिली जात होती. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, नारायण धारपांनी भयकथेबरोबर विज्ञानकथाही लिहिली. परंतु या प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली ती १९७४ नंतर. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथेची स्पर्धा ठेवली होती. तीत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. हे जगताप म्हणजे जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर होत. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे टोपणनाव बनवले होते, आणि हस्ताक्षरावरून कोणी ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. आपल्या कीर्तीचे वजन परीक्षकांच्या तराजूत पडू नये, याची एवढी काळजी! पुढे १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी या नव्या प्रकाराची दखल घेतली. १९७९ मध्ये नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आदी लेखकांनी ही वाट रुंद केली.

या सर्वांना वाचक मिळवून दिला तो बहुतांशी दिवाळी अंकांनी. अनंत अंतरकरांनी सुरू केलेला ‘नवल’ आणि रहस्यकथांसाठी नावाजलेला ‘धनंजय’ यांनी गूढकथेच्या पंगतीला विज्ञानकथेलाही पान वाढले. विज्ञानाचे पुस्तक म्हटले की दोन हात दूर राहणारा माणूसही दिवाळी अंक चाळतो. चाळता चाळता व्यंगचित्र, राशिभविष्य आणि कविता यांच्यामध्ये त्याला एक कृष्णविवर भेटते. राशिभविष्य आणि खगोलशास्त्र एकाच मुखपृष्ठाआड सुखाने नांदतात, हे फक्त दिवाळी अंकातच घडू शकते.

नारळीकरांची ‘धूमकेतू’ ही कथा या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. कोलकात्यातील एक हौशी आकाशनिरीक्षक नवा धूमकेतू शोधतो. त्याला जगभर मान मिळतो, पण धूमकेतू अशुभ म्हणून घरात बायको नाराज. पुढे लक्षात येते की हा धूमकेतू पृथ्वीवर आदळणार आहे. शास्त्रज्ञ गुप्तपणे अवकाशात अणुस्फोट घडवून त्याची वाट बदलतात. इकडे घरात मात्र अरिष्ट टळावे म्हणून यज्ञ झालेला असतो, आणि संकट टळल्याचे श्रेय यज्ञाला जाते.

गेल्या पाडव्याला मी ही कथा घरी मोठ्याने वाचून दाखवली. आमच्या घरात अंक वाचणारा मी पहिलाच, त्यामुळे वाचणे म्हणजे सगळ्यांना वाचून दाखवणे असेच आमच्याकडे चालते. कथा संपल्यावर आजीने विचारले, “मंग इघ्न टळलं कशानं? यज्ञानं का त्या बाँबनं?” मी काही बोलण्याआधीच वडील म्हणाले, “कागदात बाँबनं टळलं. गावात इचारशील तर यज्ञानंच म्हनतील.” आजी हसली आणि म्हणाली, “बाँबवाल्यायनी सांगितलंच न्हाई, तर लोकायला कसं कळावं?”

मला वाटते, या कथेवर याहून नेमकी टीका मी अद्याप वाचलेली नाही. आपण अंधश्रद्धेबद्दल लोकांना दोष देतो. परंतु ज्ञान गुप्त ठेवले तर श्रेय यज्ञालाच जाणार. आजीला अक्षरओळख नाही, पण कथेतील शास्त्रज्ञांची चूक तिने बरोबर पकडली. विज्ञानकथा सणाच्या दिवशी, घरातल्या सगळ्यांसमोर का यायला हवी याचे उत्तर यातच आहे. वर्गात ती आजीपर्यंत पोचली नसती.

पानिपत आणि संक्रांत

काळप्रवासाच्या बाबतीत तर दोन्ही परंपरा एकमेकींच्या फारच जवळ येतात. नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आपल्यापैकी अनेकांनी अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात ‘द ॲडव्हेंचर’ म्हणून नसली तरी मराठीत वाचली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अशा जगात जाऊन पोचतात, जेथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत. विश्वासरावांना लागलेली गोळी तेथे कानाजवळून निघून गेलेली असते. तेवढ्या दोन बोटांच्या अंतराने हिंदुस्थानचा पुढचा सारा इतिहास बदलतो. परत आल्यावर त्यांचे शास्त्रज्ञ मित्र त्यांना समजावतात की सूक्ष्म कणांच्या जगात एका कारणाचे एकच फळ निश्चित सांगता येत नाही. तेव्हा वास्तवेही अनेक असू शकतील.

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी, संक्रांतीच्या सणाच्या वेळी झाली. आपल्या भाषेत ‘संक्रांत येणे’ याचा अर्थ सण आणि संकट असा दोन्ही होतो. तीळगुळाच्या दिवसालाच ही जखम चिकटलेली आहे. असे झाले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न मराठी माणूस अडीचशेहून अधिक वर्षे मनाशी विचारीत आला. नारळीकरांनी त्याला विज्ञानाचे दार करून दिले.

‘डॉक्टर हू’चा २०१७ चा ‘ट्वाइस अपॉन अ टाइम’ हा भाग पाहताना मला हीच कथा आठवली. पहिल्या महायुद्धातील एक इंग्रज अधिकारी आणि एक जर्मन शिपाई खड्ड्यात एकमेकांवर पिस्तुले रोखून बसलेले असतात. डॉक्टर त्या अधिकाऱ्याला काही तास पुढच्या क्षणी आणून सोडतो. तो क्षण असतो १९१४ च्या नाताळचा, जेव्हा खरोखरच अनेक ठिकाणी दोन्ही बाजूंचे सैनिक शस्त्रे खाली ठेवून एकमेकांना भेटले होते. दोघेही वाचतात. इंग्रजांना आपल्या इतिहासात युद्ध थांबवणारा एक सण सापडला. आपल्याला सापडला तो युद्धाने काळवंडलेला सण. गोळी दोन बोटे चुकावी एवढीच इच्छा मात्र दोन्हीकडे सारखी आहे.

फरक आणि अपेक्षा

साम्य दाखवले, आता फरकही सांगितला पाहिजे. ‘डॉक्टर हू’च्या मागे एक मोठी संस्था आहे, आणि एकच नायक साठ वर्षांहून अधिक काळ पिढ्यान्‌पिढ्या सोबत करतो. आजोबांनी पाहिलेला डॉक्टर आणि नातवाने पाहिलेला डॉक्टर हे चेहऱ्याने निराळे, पण माणूस तोच. मराठी विज्ञानकथेत असा दर दिवाळीला परत येणारा नायक रुजला नाही. आपल्याकडे कथा लेखकाच्या नावाने ओळखल्या जातात, आणि लेखक तर जाणारच. २० मे २०२५ रोजी डॉ. नारळीकर गेले. त्यांच्या कथा राहिल्या, परंतु पुढच्या दिवाळीला त्यांची नवी कथा येणार नाही.

उलट एका बाबतीत दिवाळी अंक सरस आहे. नाताळचा भाग एका संध्याकाळी येतो, तर आपला दिवाळी अंक देगलूरसारख्या गावात हातोहात फिरत उन्हाळ्यापर्यंत पुरतो. वाचनालयात तो दिवाळीनंतर मिळाला तरी कोणी शिळा म्हणत नाही. एका अंकाला दहा घरे लाभतात.

दुसरा फरक अधिक बोचरा आहे. डॉक्टरचे यान पोलिसांच्या टेलिफोन-पेटीसारखे दिसते, कारण १९६३ साली तशी पेटी रस्त्यावर सहज दिसे. आज त्या पेट्या इंग्लंडच्या रस्त्यांवरून जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. गोष्टीत मात्र ती पेटी टिकली. आपल्या विज्ञानकथेतील याने बहुधा मुंबई-पुण्याला उतरतात. ती आपल्या बाजूला का उतरू नयेत? आपल्याकडे ते यान एखाद्या बंद पडलेल्या एस.टी.डी. बूथसारखे दिसेल; दार गंजलेले, आत टेलिफोन नाही, आणि म्हणूनच कोणाचे लक्षही जाणार नाही. ते होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिराजवळ उतरले तर दगड घडवणाऱ्या शिल्पकाराशी बोलता येईल. लेंडी नदीच्या काठी शंभर वर्षे पुढे उतरले तर तेथे पाणी किती उरले आहे ते पाहता येईल. आणि यातून बाहेर पडणाऱ्या परक्याला पहिल्याच चौकात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा ऐकू येतील. परग्रहवासीयांशी बोलायला आपल्याइतकी तयार माणसे लंडनलाही मिळणार नाहीत.

वाचकमित्रहो, सणाच्या गोष्टीत थोडी राख असावी असे मी वर म्हटले. ही कल्पना आपल्याला परकी नाही. गुढीपाडव्याला आपण आधी कडुलिंबाचे पान चावतो आणि मग गोड खातो. आपले तेलुगू शेजारी त्याच दिवशी उगादीच्या पच्चडीत कडुलिंबाचा मोहोर घालतात. वर्षाची सुरुवात कडूने करावी हे शहाणपण सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच आहे. चांगली विज्ञानकथा म्हणजे सणाच्या ताटातले हे कडुलिंबाचे पान होय. ते फार झाले तर कोणी ताटाला हात लावणार नाही, आणि मुळीच नसले तर केवळ साखर उरेल.

आपल्या महाविद्यालयात मराठीचे विद्यार्थी आहेत, इतिहासाचे आहेत, भूगोलाचेही आहेत. विज्ञानकथा लिहायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. ‘असे झाले तर?’ हा प्रश्न आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे शोधण्याची चिकाटी लागते. पुढील वार्षिकांकात निदान एक तरी कथा अशी यावी, जी घरी नेऊन मोठ्याने वाचता येईल आणि जी ऐकून कोणाची तरी आजी आपल्याला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारील.